गल्लीच्या वळणावर आवाज वळतो, प्रकाश का वळत नाही?

अनंत चतुर्दशीच्या सायंकाळी बेळगावच्या हुतात्मा चौकातून सार्वजनिक गणेशमूर्तींची विसर्जन मिरवणूक सुरू होते. रामदेव गल्ली, समादेवी गल्ली, टिळक चौक असा मध्यवर्ती भाग ओलांडत ती कपिलेश्वर तलावाकडे सरकते आणि दुसऱ्या दिवशीही सुरू राहते. या मार्गालगतच्या एखाद्या आडगल्लीत उभ्या राहिलेल्या माणसाला एक अनुभव दरवर्षी येतो. मिरवणूक अजून वळणापलीकडे असते. मूर्ती दिसत नाही, दिवे दिसत नाहीत, गाण्याचे शब्दही नीट कळत नाहीत. पण खालच्या पट्टीतला ‘धम् धम्’ असा ठोका मात्र छातीवर आदळू लागतो. ट्रॅक्टर वळणावर आला की क्षणात सारे बदलते. मूर्ती दिसते, शब्द कळतात आणि रंगीत झोत थेट डोळ्यांवर येतात.

ठोका आधी पोहोचला, शब्द मागे राहिले आणि प्रकाश तर वळणाशिवाय आलाच नाही. असे का व्हावे? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात ध्वनी आणि प्रकाश या दोन्हींच्या वर्तनाचे सूत्र दडलेले आहे. कानाला कशामुळे इजा होते, डोळ्याला कशामुळे होते आणि एकापासून वाचवणारा उपाय दुसऱ्यापासून का वाचवत नाही, हेही त्याच सूत्रावरून उलगडते. बेळगाव, निपाणी परिसरातील उत्सवांना हा विषय जितका लागू आहे, तितकाच तो गोव्यालाही आहे. हणजुण-वागातोर पट्ट्यातील रात्रीच्या संगीताचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेलेला आहे.

प्रवास वस्तूचा नव्हे, ऊर्जेचा

कपिलेश्वर तलावाच्या पाण्यावर झेंडूचे एखादे फूल तरंगत असते. जवळच मूर्ती पाण्यात उतरली की तरंग उठतात आणि काठापर्यंत जातात. फूल मात्र त्यांच्याबरोबर काठाला येत नाही. जवळपास त्याच जागी ते वरखाली होत राहते. पाणी पुढे गेलेले नसते, पुढे गेलेली असते ती ऊर्जा. लाटेची हीच मूळ व्याख्या होय.

ध्वनीची लाट हवेतून जाते. ध्वनिक्षेपकाचा पडदा पुढे आला की समोरची हवा दाबली जाते, मागे गेला की विरळ होते. दाट आणि विरळ थरांची ही मालिका पुढे सरकत जाते. मिरवणुकीच्या गर्दीत मागून बसलेला धक्का माणसामाणसांतून पुढच्या रांगेपर्यंत पोहोचतो, पण धक्का देणारा मागेच राहतो, तसाच हा प्रकार आहे. कणांची हालचाल लाटेच्या दिशेलाच समांतर असल्याने ध्वनीला अनुतरंग म्हणतात. त्याला माध्यम लागते; पोकळीत तो जाऊ शकत नाही.

प्रकाशाला माध्यमाची गरज नाही. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची ती एकत्रित आंदोलने असून ती प्रकाशाच्या दिशेला काटकोनात घडतात. म्हणून प्रकाश हा अवतरंग होय. दोघांच्या वेगातील तफावत अफाट आहे. सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानाला हवेतील ध्वनी सेकंदाला जवळपास ३४५ मीटर जातो, तर प्रकाश सुमारे तीन लाख किलोमीटर. बेळगावहून निपाणी महामार्गाने साधारण ७५ किलोमीटर आहे. एवढे अंतर कापायला ध्वनीला साडेतीन मिनिटांहून अधिक वेळ लागेल. प्रकाशाला सेकंदाचा सुमारे चार हजारावा भाग पुरेल. शोभेच्या दारूचा प्रकाश आधी दिसतो आणि बार नंतर ऐकू येतो तो यामुळेच. मधले तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर अंतर.

वळणाचे रहस्य तरंगलांबीत

वळणावरच्या कोड्याचे उत्तर मात्र वेगात नाही, तरंगलांबीत आहे. लागोपाठच्या दोन दाट थरांमधील अंतर म्हणजे ध्वनीची तरंगलांबी. वेगाला वारंवारतेने, म्हणजे सेकंदातील आंदोलनांच्या संख्येने, भागले की ती मिळते. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ या पट्ट्यातील ध्वनी ऐकू येतात. म्हणजे त्यांच्या लाटा सुमारे १७ मीटरपासून पावणेदोन सेंटीमीटरपर्यंत असतात.

या भागात मोठ्या ध्वनियंत्रणेला सरसकट ‘डॉल्बी’ म्हटले जाते. त्या नावाच्या कंपनीशी त्याचा संबंध नसतो. तिच्यातील ‘बेस’च्या पेट्यांतून ५० हर्ट्झचा ठोका निघतो, तेव्हा त्याची लाट जवळपास सात मीटर लांब असते, म्हणजे जुन्या गल्लीच्या रुंदीशी बरोबरी करणारी. याउलट ‘स’, ‘श’ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारे ध्वनी ४००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याहून वर असतात. त्यांच्या लाटा आठ-नऊ सेंटीमीटर किंवा त्याहूनही आखूड.

अडथळा किंवा फट लाटेच्या लांबीएवढी अथवा तिच्याहून लहान असेल, तर लाट त्याभोवती सहज वळते आणि पलीकडे पसरते. यालाच विवर्तन म्हणतात. अडथळा लाटेच्या मानाने फार मोठा असेल, तर त्याच्यामागे सावली पडते. सात मीटरच्या लाटेला घराचा कोपरा किरकोळ वाटतो, म्हणून ठोका गल्लीत शिरतो. आठ सेंटीमीटरच्या लाटेसाठी तेच घर डोंगराएवढे असते, म्हणून शब्द मागे राहतात. जे थोडे कानी पडतात, ते समोरच्या भिंतींवरून परावर्तित होऊन आलेले.

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ३८० ते ७५० नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. हिरव्या प्रकाशाच्या शंभराहून अधिक लाटा एका केसाच्या जाडीत मावतील. अशा लाटेला गल्लीचा कोपरा वळवू शकत नाही. प्रकाशही वळतो, पण त्यासाठी अडथळा तेवढाच सूक्ष्म लागतो. रात्री बारीक विणीच्या छत्रीच्या कापडातून दूरचा दिवा पाहिला, तर त्याभोवती ठिपक्यांची नक्षी दिसते. ते प्रकाशाचे विवर्तनच होय.

भिंत काय अडवते?

दारे-खिडक्या लावून घेतल्या तरी ठोका आत येतो, ही मिरवणूक मार्गावरील रहिवाशांची तक्रार कल्पनेतली नाही. भिंतीची ध्वनी अडवण्याची क्षमता तिच्या वजनावर आणि ध्वनीच्या वारंवारतेवर अवलंबून असते. ढोबळ नियम असा, की वारंवारता निम्मी झाली की भिंतीकडून मिळणारे संरक्षण सुमारे सहा डेसिबलने घटते. म्हणजे गाण्याची चाल अडवणारी भिंत ठोक्यापुढे हतबल ठरते.

त्यात अनुनादाची भर पडते. प्रत्येक वस्तूची स्वतःची अशी नैसर्गिक वारंवारता असते. बाहेरून येणारा ठोका तिच्याशी जुळला की वस्तू मोठ्याने थरथरू लागते. खिडकीची तावदाने खडखडतात, मांडणीवरील भांडी वाजतात, ती यामुळेच. झोपाळ्याला योग्य वेळी दिलेला हलका झोका त्याला उंच नेतो, त्यातलाच हा नियम.

वाद्यनिर्मितीत मात्र हाच अनुनाद वरदान ठरतो. निपाणीहून फार दूर नसलेल्या मिरजेत सतार आणि तंबोरे घडवणारे कारागीर भोपळ्याची निवड, तबलीची जाडी आणि जवारीचा कस यांवर दिवसेंदिवस खर्च करतात; तेथील सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. छेडलेल्या एका तारेतून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे स्वर एकाच वेळी उमटतात आणि जवारीमुळे ते अधिक उजळतात. भारतीय तंतुवाद्यांच्या या वैशिष्ट्यावर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये शोधनिबंध लिहिला होता. कुमार गंधर्वांचा जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा. त्यांच्यामागे वाजणाऱ्या तंबोऱ्यांनी सभागृह भरत असे ते स्वरांच्या या संपन्नतेमुळे. त्यासाठी प्रचंड तीव्रतेची गरज नव्हती.

डेसिबलचा फसवा आकडा

ध्वनीची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. हे मोजमाप साध्या बेरजेचे नाही. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट, वीसची वाढ म्हणजे शंभरपट, तीसची वाढ म्हणजे हजारपट. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ डेसिबल आहे. व्यापारी भागात ती अनुक्रमे ६५ आणि ५५, तर रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालयांभोवतीच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. एखाद्या ठिकाणी १०५ डेसिबल नोंदले गेले, तर ते ५५च्या ‘जवळपास दुप्पट’ नसतात. फरक पन्नास डेसिबलचा, म्हणजे तीव्रता एक लाख पट असते.

या मोजमापातून मंडळांच्या चढाओढीतला तोटाही उघड होतो. पेट्यांची संख्या दुप्पट केली तर पातळी जेमतेम तीन डेसिबलने वाढते. आवाज दुप्पट मोठा झाल्यासारखा वाटण्यासाठी साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट शक्ती. भाडे, जनित्र आणि डिझेल यांवरील खर्च दुप्पट होतो. ऐकणाऱ्याला फरक थोडाच जाणवतो. कानावरचा भार मात्र खरोखरच दुप्पट होतो.

आणखी एक मेख आहे. नियमांतील मर्यादा ‘ए’ भारित डेसिबलमध्ये दिलेल्या आहेत. या पद्धतीत कानाच्या संवेदनशीलतेनुसार खालच्या पट्टीतील ध्वनींना कमी वजन दिले जाते. ६३ हर्ट्झच्या ध्वनीतून सुमारे २६ डेसिबल वजा होतात. परिणामी मापकावरील आकडा आटोक्यात दिसत असतानाही भिंती हादरवणारा ठोका प्रत्यक्षात बराच प्रबळ असू शकतो.

अंतर, गल्ली आणि रात्र

मोकळ्या मैदानात ध्वनी सर्व दिशांना पसरतो. अंतर दुप्पट झाले की तीच ऊर्जा चौपट क्षेत्रावर वाटली जाते आणि पातळी सहा डेसिबलने उतरते. छोट्या स्रोतापासून दोन मीटरवर ११० डेसिबल असतील, तर चार मीटरवर १०४, आठ मीटरवर ९८, सोळा मीटरवर ९२. काही पावले मागे सरकणे हा म्हणूनच कानासाठी बिनखर्चाचा उपाय आहे. मात्र दोन्ही बाजूंना उंच घरे असलेल्या अरुंद गल्लीत भिंती ध्वनी परत आत लोटतात, त्यामुळे एवढी घट मिळत नाही. मैदानात सुसह्य वाटणारी यंत्रणा गल्लीत असह्य होते, याचे कारण हे आहे.

रात्रीचे गणित वेगळेच असते. उन्हाळ्याच्या दुपारी निपाणी-संकेश्वर मार्गावर दूरचा डांबरी रस्ता ओला झाल्यासारखा भासतो. रस्त्यालगतची तापलेली हवा आकाशातून येणारा प्रकाश वर वाकवते, म्हणून रस्त्यावर आकाशाचा तुकडा दिसतो. हे अपवर्तन होय. निरभ्र, शांत रात्री याच्याशी मिळताजुळता प्रकार ध्वनीच्या बाबतीत घडतो. जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार होते. उबदार हवेत ध्वनीचा वेग अधिक असल्याने वर निघालेली लाट वाकून पुन्हा जमिनीकडे येते. शेतशिवारापलीकडच्या गावातील जत्रेचा आवाज दिवसा ऐकू येत नाही आणि रात्री अगदी जवळून आल्यासारखा वाटतो, त्यामागे रात्रीच्या शांततेबरोबरच हे वाकणेही असते. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मर्यादा अधिक कडक ठेवण्याला असा भौतिकशास्त्रीय आधारही आहे. वर्षातील ठरावीक १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत देण्याचा अधिकार नियमांनी राज्य सरकारांना दिला आहे. हे नियम कर्नाटक आणि गोवा या दोन्ही राज्यांना सारखेच लागू आहेत.

लेसर दूर गेला तरी क्षीण होत नाही

अंतराचा नियम साध्या दिव्यालाही लागू पडतो. दोन मीटरवरच्या दिव्याचा प्रकाश शंभर मीटरवर अडीच हजार पटींनी क्षीण होतो. लेसर मात्र या सवयीला अपवाद आहे. त्याच्या सर्व लाटा एकाच रंगाच्या, एकाच तालात आणि जवळजवळ समांतर चालणाऱ्या असतात. त्याचा झोत शंभर मीटर जाऊन साधारण दहा सेंटीमीटरनेच रुंदावतो. मागे सरकल्याने कानाचे रक्षण होते. डोळ्याचे होत नाही.

चोर्ला घाटातील धुक्यातून रात्री प्रवास करणाऱ्यांना मोटारीच्या दिव्यांचे झोत हवेत स्पष्ट दिसतात, कारण धुक्याचे सूक्ष्म थेंब प्रकाश विखुरतात. स्वच्छ हवेत बाजूने पाहणाऱ्याला झोत जवळपास दिसतच नाही. मिरवणुकीत धुराचे यंत्र लावतात ते झोत दिसावेत म्हणूनच. धूर विरला की झोत अदृश्य होतो, नाहीसा होत नाही.

डोळ्यात शिरल्यावर नेत्रभिंग या समांतर किरणांना दृष्टिपटलावरील अतिसूक्ष्म बिंदूवर एकवटते. त्यामुळे तेथील प्रखरता बुबुळापाशी असते त्याच्या सुमारे एक लाख पट होते. पापणी मिटायला साधारण पाव सेकंद लागतो. एक मिलीवॉटपर्यंतच्या लेसरपासून ही प्रतिक्षिप्त क्रिया वाचवू शकते. रंगमंचीय झोत काही वॉटचे, म्हणजे हजारो पट शक्तिशाली असू शकतात. रात्री बाहुली विस्फारलेली असते, त्यामुळे धोका वाढतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. दृष्टीच्या मध्यभागी काळा डाग आल्यावरच इजा लक्षात येते. २०२३ च्या विसर्जन मिरवणुकीनंतर नाशिकमधील नेत्रतज्ज्ञांनी काही तरुणांच्या दृष्टिपटलाला अशी इजा झाल्याचे निदर्शनास आणले होते. पुढील वर्षी पुण्यात पोलिसांनी गणेशोत्सवातील लेसर झोतांवर बंदी घातली.

न परतणारे नुकसान

अंतर्कर्णात प्रत्येक बाजूला सुमारे १५ ते १६ हजार केशपेशी असतात. ध्वनीच्या लाटेने त्या हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास ही कमाल मर्यादा मानली जाते आणि दर तीन डेसिबलच्या वाढीला हा वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने १०० डेसिबलमध्ये पंधरा मिनिटे आणि १०५ मध्ये पाच मिनिटांहूनही कमी वेळ हाती उरतो. ढोल-ताशांचे मोठे पथकही शंभर डेसिबलच्या पुढे जाऊ शकते. वाद्य पारंपरिक असल्याने कानाला सूट मिळत नाही.

बहिरेपणाची सुरुवात बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास होते, म्हणजे नेमकी शब्द ओळखणाऱ्या पट्ट्यात. अशा माणसाला आवाज ऐकू येतो, पण ‘सात’ की ‘हात’ हे कळत नाही. ज्या ध्वनीला गल्लीचे वळण घेता येत नव्हते, तोच पुढे त्याच्या आयुष्यातून वजा होतो.

म्हणून उपायही लाटेच्या स्वभावानुसार निवडावे लागतात. आखूड लाटांसाठी भिंत आणि अंतर कामी येतात. लांब लाटा या दोहोंना पुरत्या जुमानत नाहीत, त्यामुळे बेसच्या पेट्या मुळातच कमी ठेवणे हाच खरा उपाय होय. लेसरसाठी झोत गर्दीच्या डोक्यावरून, कोणाच्याही डोळ्याला न भिडेल असा ठेवणे अथवा तो न वापरणे, एवढेच पर्याय आहेत. मोबाइलच्या पडद्यातून पाहणे डोळ्यासाठी सुरक्षित असले, तरी कॅमेऱ्याचा संवेदक त्यात जळू शकतो. कानात घातलेला कापूस फारसे संरक्षण देत नाही. फोमचे बोळे किंवा लहान मुलांसाठी मिळणारी कानझाकणी अधिक उपयोगी पडतात.

जवळ मापक नसेल, तरी एक कसोटी प्रत्येकाला वापरता येते. हातभर अंतरावरील माणसाशी बोलताना ओरडावे लागत असेल, तर पातळी ८५ डेसिबलच्या पुढे गेली आहे असे समजावे. घरी परतल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर कानावर त्याच्या क्षमतेपलीकडचा भार पडून गेला आहे. खांद्यावर बसवलेल्या मुलाला मात्र ही कसोटी सांगता येत नाही. ती त्याच्या वतीने मोठ्यांनी लावायची असते आणि वेळीच चार घरे मागे सरकायचे असते.